मागे तोंड केलेली सीट

१

कारखाना म्हणायचं आपलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, चार टेबलं आणि माणसं तीन. मालकांना सगळे काका म्हणत. रंगकामाला मावशी होत्या. त्या चष्म्यावर आणखी एक भिंग चढवून बसत, त्यामुळे मान वर करून बघायला लागल्या की त्यांचे डोळे लिंबाएवढे दिसत. आणि तिसरी ती. तिथं छोटी विमानं, जहाजं, इंजिनं तयार होत. खेळण्यातली नव्हेत, ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवायची, खऱ्याचं माप घेऊन बारीक केलेली. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण हात असा स्थिर की काका म्हणत, हिच्या हातावर दुधाची वाटी ठेवून खुशाल झोपावं.

पहिल्या दिवशी काकांनी तिला रस्त्याकडच्या खिडकीपाशी टेबल दाखवलं, कारण उजेड तिथं चांगला. तिनं मागच्या खिडकीचं मागून घेतलं. काका म्हणाले, दुपारनंतर तिथं दिसत नाही, डोळे जातील. ती म्हणाली, मला चालेल.

मागच्या खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. मधलं आवार, पाण्याच्या टाक्या, आणि पलीकडच्या इमारतीची पाठ. त्या पाठीवर दुसऱ्या मजल्याला डावीकडून तिसरी खिडकी तिच्या घराची होती. त्या खिडकीत तिची मुलगी उभी असायची.

मुलगी सव्वादोन वर्षांची. शाळेत घालायला ठेवलेलं नाव वेगळं, तोंडातलं नाव ठकी. आधी खालच्या मजल्यावरच्या आजी तिला सांभाळायच्या. त्या लेकाकडे राहायला गेल्या, त्याला चार महिने झाले. तिचा नवरा लांब कामावर, महिन्यातून दोन दिवस यायचा. त्याला तिनं फोनवर सांगितलं नाही. कारखान्यातही सांगितलं नाही. कुणी विचारलं, पोरगी कुणाकडे गं, तर ती म्हणायची, आजी आहेत ना. आणि मान खाली घालून पॉलिश पेपर घासायला लागायची.

आजी नव्हत्या. दाराला बाहेरून कुलूप होतं.

निघताना ती गॅसची टाकी बंद करी, बादल्या पालथ्या घाली, विजेच्या खटक्यांवर चिकटपट्टी लावी. सुरी कपाटावर, काडेपेटी तिच्या पर्समध्ये. दुधाची बाटली आणि बिस्किटं खाली ठेवलेली. आणि शेवटी खोकल्याच्या औषधाचा अर्धा चमचा. ठकीला खोकला नव्हता. बाटलीवर लिहिलं होतं की या औषधानं झोप येते.

तरी ठकी दुपारी केव्हातरी उठायचीच. खिडकीखालच्या खोक्यावर चढायची, काचेवर तोंड लावून हा करायची, आणि मग तळहातानं वाफ पुसून त्या पुसलेल्या जागेतून बघायची. आई टेबलाशी बसलेली तिला दिसत होती की नाही, कोण जाणे. आईला कितीदा वाटायचं, हात करावा. पण मावशींनी विचारलं असतं, कुणाला गं हात करतेस?

म्हणून तिनं कधी हात केला नाही.

२

एकदा एका विमानाचं काम आलं, त्याचं गिऱ्हाईक एक उंच, म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर विमान चालवलेलं. काकांनी त्यांचं नाव कॅप्टन पाडलं. नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन आले, टेबलावर पसरली, आणि चारी कोपऱ्यांवर रंगाच्या बाटल्या ठेवल्या.

शिकाऊ लोक चालवतात तसलं ते चार माणसांचं साधं विमान होतं. पुढे एक पंखा, पोटाखाली तीन चाकं. पण कॅप्टननी त्यात फेरफार केलेला होता. मागच्या दोन्ही सीटा काढून टाकल्या होत्या. त्यांच्या जागी एकच सीट, आणि तिचं तोंड मागे, शेपटीकडे. मागच्या बाजूला मोठी फुगीर काच. असं विमान कधी बनलं नव्हतं, ते म्हणाले. तरुणपणी कागदावर काढलं, कागदावरच राहिलं. आता निदान एवढंसं तरी बघायचंय.

काकांनी माप लावून बघितलं आणि डोकं खाजवलं. मागची सीट फारच लहान येत होती. पुढच्या दोन सीटांत बाप्या माणूस बसेल, मागच्या सीटेत जेमतेम दोन-अडीच वर्षांचं मूल. काकांनी अदबीनं सांगितलं की आकडा लिहिताना चूक झाली असावी.

कॅप्टन नकाशाकडे न बघताच म्हणाले, "माप बरोबर आहे. मागे बघत बसणाऱ्याला फार जागा लागत नाही."

ते गेल्यावर काका म्हणाले, पैसेवाल्यांची खुळं आणि पावसातली छत्री, दोन्ही आपल्यालाच सांभाळायची. मावशी हसल्या. तीही हसली. ती नखाएवढी सीट घडवायचं काम काकांनी तिला दिलं. तिनं दोन दिवस ती सीट कोरली, तपकिरी रंगवली, तिला धाग्याएवढा पट्टा लावला. पट्टा लावताना तिच्या मनात आलं, पट्टा बांधला की मूल खाली उतरू शकणार नाही. लगेच तिनं तो विचार झटकून टाकला.

३

या धंद्यात एक चूक अशी आहे की ती नवशिक्याकडून तर होतेच, पण मुरलेल्याकडूनही होते. जे विमान दोन मागच्या चाकांवर आणि एका नाकाखालच्या चाकावर उभं राहतं, त्याचा सगळा जडपणा मागच्या बाजूला असतो. म्हणून विमानाची दोन टरफलं, डावा आणि उजवा पोकळ अर्धा भाग, एकमेकांना चिकटवण्याआधी नाकात वजन भरायचं असतं. शिशाचे छर्रे. ते राहिले तर विमान उभं केल्या केल्या मागे कलंडतं आणि कुत्रं बसावं तसं शेपटीवर बसतं. मग टरफलं पुन्हा फोडायची, दुसरा इलाज नाही. काकांचा नेहमीचा विनोद होता. विमानाला वजन नसलं तर ते शेपटीवर बसतं आणि माणसाला वजन नसलं तर तो कचेरीच्या बाकावर बसतो.

काका चाळीस ग्रॅम छर्रे मोजून कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हाती देत. त्या दिवशीही दिली. तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली, टरफलांच्या कडा घासल्या, आतल्या सीटा बसवल्या, आणि सहज मान वर केली.

खिडकीत ठकी होती. रोज वाफ पुसायची, त्या दिवशी पुसत नव्हती. दोन्ही तळहात काचेवर आपटत होती. तोंड उघडं होतं. आवाज इथवर येत नव्हता, मधे सगळं आवार होतं. नुसतं ते उघडं तोंड.

तिच्या हातात टरफलं होती, कडांना गोंद लावलेला. गोंद थांबत नाही. तिनं दोन्ही टरफलं जुळवली, दाबली, रबर लावले, आणि पोटात दुखतंय असं काकांना सांगून घरी धावली. ठकीला काही झालेलं नव्हतं. रडून घामेजली होती, एवढंच. तिनं तिला छातीशी धरलं, गप्प केलं, घड्याळाकडे बघितलं. अजून अडीच तास काम बाकी होतं. पोटदुखीवर माणूस किती वेळ घरी राहणार?

तिनं औषधाचा चमचा भरला. अर्धा नव्हे, पूर्ण. ठकीनं तिच्याकडे बघत बघत औषध गिळलं.

संध्याकाळी एप्रन धुवायला काढला तर खिशात जड काहीतरी लागलं. पुडी होती. चाळीस ग्रॅम. तशीच्या तशी.

४

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा जिना चढताना तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. विमान शेपटीवर बसलेलं असणार. काका विचारतील. आपण म्हणायचं, विसरले. विसरायला काय झालं, असं विचारलं तर म्हणायचं, पोटात दुखत होतं. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं, हे तिला आता चांगलं कळलं होतं.

काकांनी रबर सोडून विमान तिच्याच टेबलावर उभं करून ठेवलं होतं. तीन चाकांवर. सरळ.

ती बघत राहिली. मग तिनं एका बोटानं नाक वर उचललं आणि सोडलं. नाक खाली आलं, चाक टेबलाला टेकलं. हलकेच, आवाज न करता. कुणीतरी पाय टेकवावा तसं.

"छान तोललंय," काका मागून म्हणाले. "वजन नीट बसवलंस."

तिनं तोंड उघडलं. आता सांगता आलं असतं. एका वाक्याचं तर काम होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य उभं होतं, आणि त्याच्या मागे तिसरं, आणि तिसऱ्याच्या मागे कुलूप.

"हो काका," ती म्हणाली.

मग तिनं डोकं चालवलं. मावशींनी बघितलं असेल, पोरगी वजन विसरलीय म्हणून त्यांनी गुपचूप भरलं असेल. पण टरफलं तर तिनं स्वतः बंद केली होती. काकांनी रात्रीतून उघडून भरलं असेल. पण सांधा तिचा होता, गोंदाची रेघ जशीच्या तशी, तिच्या अंगठ्याचा ठसासुद्धा तिथंच. मग सीटाच जड असतील. प्लास्टिकच्या चण्याएवढ्या सीटा. तिनं मावशींना आडून विचारलं, तुम्ही हात लावला होता का हो याला? मावशींनी लिंबाएवढे डोळे वर केले आणि म्हणाल्या, "मी कशाला तुझ्या कामाला हात लावू बाई?"

पुडी तिच्या पर्समध्ये होती. काडेपेटीशेजारी.

५

काका प्रत्येक मॉडेल काट्यावर ठेवून बघत, पेटीत पाठवताना खालचा लाकडी पाट किती जाड घ्यायचा ते ठरवायला. भाग दोनशे दहा, वजन चाळीस, एकूण अडीचशे. काटा अडीचशेवर थांबला. काका म्हणाले, बरोब्बर. ती काट्याच्या आकड्याकडे बघत राहिली आणि तिच्या कानशिलांना गरम लागायला लागलं. घाबरल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आधी वाटली ती लाज. चोरी पकडायला आलेल्या माणसानं चोरालाच शाबासकी द्यावी, तसं.

रंगाचा पहिला हात झाल्यावर काटा दोनशे त्रेपन्न. दुसऱ्या हातानंतर दोनशे एकसष्ट. काका म्हणाले, मावशी, रंग लावता का गिलावा करता? मावशी चिडल्या. म्हणाल्या, माझा रंग फुंकर मारली तर उडेल इतका पातळ असतो.

घरी मात्र सगळं सोपं होत चाललं होतं. ठकी रडायची थांबली होती. तिनं पूर्ण चमचा सुरू ठेवला होता, आणि आता ठकी पूर्ण दुपार झोपायची. उठून खिडकीत यायची नाही. आई टेबलावरून दर पाच मिनिटांनी बघे, खिडकी रिकामी. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मान वर करायची गरज नाही, आत काही कापत नाही. नुसतं काम. संध्याकाळी दार उघडलं की ठकी ठेवल्या जागी बसलेली असे. बाटली भरलेली, बिस्किटं शाबूत. जिन्यातल्या बाया म्हणायच्या, किती शहाणी गं तुझी पोर, आवाजसुद्धा नाही. ती हसायची आणि चप्पल काढायचं निमित्त करून खाली वाकायची.

चौथ्या दिवशी तिनं ठकीला कडेवर घेतलं आणि हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रिकामी घागर भरलेली समजून उचलावी आणि हात वर जावा, तसं झालं. औषधानं भूक मेली असेल, तिनं मनाशी म्हटलं. दात येत असतील. मुलं अशी मधेच वाळतात.

मन चिंती ते वैरी न चिंती. ती रात्र तिनं ठकीच्या पोटावर हात ठेवून काढली. पोट वरखाली होत होतं. पण अगदी हळू, लांबून कुणीतरी हलवल्यासारखं.

६

मग काचेवर पांढरं आलं.

विमानाला काच बसवायची ती दुधासारख्या पांढऱ्या गोंदानं. तो सावकाश वाळतो, पण वाळल्यावर दिसत नाही. झटकन चिकटणारा गोंद काचेजवळ नेलाच तर त्याची वाफ आतून बसते आणि काच धुरकटते. मोतीबिंदू झाल्यासारखी. ती पुसता येत नाही, कारण ती आतून असते.

मागची फुगीर काच सकाळी स्वच्छ होती. दुपारी धुरकट झाली. काकांनी विमान उजेडात धरलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. झटपट गोंद कुणी लावला, एवढं शिकवून?

तिनं पांढराच लावला होता. वाटी अजून समोर होती. पण बाकीचं इतकं सगळं तिच्या पदरात होतं की आणखी एका चुकीला नाही म्हणायला तिला तोंडच उरलं नव्हतं. ती म्हणाली, चुकलं काका, मीच लावला. काकांना उलट तिची दया आली. म्हणाले, असू दे, उद्या कॅप्टन येतायत, मागची बाजू भिंतीकडे करून ठेवू.

काका गेल्यावर तिनं विमान डोळ्यांजवळ आणलं.

पांढुरक्यात एक जागा स्वच्छ होती. खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. गोंदाची वाफ बसते ती सगळीकडे सारखी बसते. ही जागा पुसलेली होती, आडवी, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी जरा वर वळलेली. हात फिरवताना वळतो तशी.

तिनं खिडकीकडे बघितलं. घराची खिडकी रिकामी होती. परत विमानाकडे बघितलं तेव्हा स्वच्छ जागा झाकली गेली होती. पुन्हा धुरकट. कुणीतरी हा केल्यासारखी.

तिनं विमान टेबलावर ठेवलं. फार हळू ठेवलं. झोपलेलं मूल ठेवावं तसं.

७

दुसऱ्या दिवशी कॅप्टन चारला यायचे होते. तीनला ती उठली आणि पर्समधली पुडी काकांच्या टेबलावर ठेवली.

"काका, नाकातलं वजन मी घातलेलं नाही."

काकांनी पुडी उघडली. छर्रे काट्यावर ओतले. चाळीस. मग ते विमानाकडे बघायला लागले. विमान तीन चाकांवर उभं होतं.

"मग हे उभं कशावर आहे?"

ती म्हणाली, कापू या ते. काका म्हणाले, वेड लागलंय का, तासाभरात माणूस येईल. उभं आहे ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मला हे सांग, इतक्या दिवसांत एक पुडी कधी विसरली नाहीस, त्या दिवशी लक्ष कुठं होतं तुझं?

इथंच ते वाक्य होतं. तिनं टेबलाची कड धरली.

"ठकी घरात एकटी असते," ती म्हणाली. "आजी गेल्यापासून. मी कुलूप लावून येते. झोपायचं औषध देते."

तिला वाटलं, आता मावशी कपाळावर हात मारतील, आता काका ओरडतील. त्या ओरडण्याची तिनं चार महिने वाट बघितली होती. मावशींनी कुंचला पाण्याच्या भांड्यात ठेवला.

"माहितेय गं," त्या म्हणाल्या. "दिसायची की. रोज. मी रंगाचं पाणी ओतायला तुझ्या खिडकीशी येते ना."

काका जमिनीकडे बघत होते. म्हणजे त्यांनाही.

"तू सांगत नाहीस, तर आपण कशाला तोंड घाला," मावशी म्हणाल्या. आवाज बारीक होत गेला. "आणि हल्ली दिसत नाही आठ दिवस. म्हटलं, केली असेल काही सोय."

म्हणजे तिघंही बघत होते. एक पोर काचेवर हात आपटत होती, आणि तीन माणसं माना खाली घालून विमान घासत होती. तिला वाटायचं, लाज ही तिच्या एकटीची आहे, लुगड्याच्या गाठीत बांधलेली. ती तर साऱ्या खोलीत सांडलेली होती आणि सगळे पाय उचलून चालत होते.

तिनं कटर घेतलं. काकांनी अडवलं नाही. नाकापासून शेपटीपर्यंत रंगाखाली सांधा होता, तो तिला डोळे मिटूनही सापडला असता. पातं फिरलं. टरफलं सुटली आणि आतून बोटांना ऊब लागली. बंद खोलीचं दार उघडल्यावर लागते तशी. तिला वास आला. गोंदाचा नव्हे, रंगाचा नव्हे. गोडसर. खोकल्याच्या औषधाचा.

नाकात काही नव्हतं. पुढच्या दोन सीटांवर बारीक भुसा बसला होता. मागच्या लहान सीटेवर भुसा नव्हता. तिचा तपकिरी रंग मधोमध झिजून चकचकीत झाला होता, बसून बसून होतो तसा. पट्टा सुटलेला होता.

आणि त्याच क्षणी, परत जुळवून धरलेली टरफलं तिच्या हातातून निसटली, विमान चाकांवर टेकलं आणि मागे कलंडलं. टक्. शेपटीवर बसलं.

ती एप्रनसकट जिना उतरली.

८

आवारातून तिनं वर बघितलं. डावीकडून तिसरी खिडकी. काचेवर वाफ होती आणि वाफेत एक लहान हात फिरत होता.

किल्ली तीनदा घसरली. दार उघडलं तेव्हा ठकी खोक्यावर उभी होती, काचेला पाठ करून. तिनं तिला उचललं आणि कमरेत कळ आली. जड होती पोर. पहिल्यासारखी जड, किंवा थोडी जास्तच. तिनं तिला मांडीवर घेतलं, जमिनीवरच, दार सताड उघडं टाकून. जिन्यातून जाणारे बघत गेले. बघू देत, तिला वाटलं.

औषधाची बाटली तिनं मोरीत ओतली. मग ठकीचे हात धुवायला घेतले तेव्हा दिसलं. उजव्या तळहातावर पांढुरकं काहीतरी होतं. भुकटीसारखं, पण भुकटी नव्हे. साबणानं गेलं नाही. तेलानं गेलं नाही. त्या हातानं काय पुसलं गं, तिनं विचारलं. ठकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. लांबून परत आलेलं माणूस ओळखीच्या घराकडे बघतं तसं, बराच वेळ. मग तिनं मान आईच्या खांद्यावर टाकली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. म्हणजे कुलुपाचं आणि औषधाचं. विमानाचं काय सांगणार? तो म्हणाला, आता कुठं आहे ती? मांडीवर, ती म्हणाली. खाली ठेवू नकोस, तो म्हणाला.

काकांनी कॅप्टनना आणखी चार दिवस मागून घेतले होते. मावशी नंतर सांगत होत्या, कॅप्टननी उघडी टरफलं हातात घेतली आणि त्या लहान सीटेच्या झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मावशींनी विचारलं, परत रंगवून देऊ? ते म्हणाले, नको, राहू दे. कशानं झिजली ते त्यांनी विचारलं नाही.

९

आता ठकी कारखान्यात येते. काकांनी टेबलाखाली सतरंजी घालून दिली आहे. मावशी तिला रिकाम्या बाटल्या देतात, ती त्या एकात एक घालत बसते. काका म्हणतात, आता माणसं साडेतीन. नाकात चाळीस ग्रॅम छर्रे भरून विमान कॅप्टनकडे गेलं. ते नीट उभं होतं. नवी काच स्वच्छ होती. तिनं तीनदा बघून घेतली.

तळहातावरचा पांढुरकेपणा हळूहळू गेला. एक खोड मात्र राहिली. कडेवर घेतली की ठकी पुढे बघत नाही. वळून खांद्यावरून मागे बघत राहते. बसमध्ये सीटवर ठेवली तर उलटी फिरते, तोंड मागे करून बसते. लोक हसतात. म्हणतात, गंमत आहे पोर. तीही हसते.

परवा सुट्टी होती. कारखाना बंद. चावी काकांकडे आणि काका गावाला. दुपारची वेळ. ती भांडी घासत होती आणि ठकी आपण होऊन खोक्यावर चढली. चार महिन्यांचं ते खोकं काढून टाकायचं तिच्यानं अजून झालं नव्हतं.

"आई," ठकी काचेकडे तोंड करून म्हणाली.

"काय गं? इथंय मी."

ठकीनं मान हलवली. नाही. काचेवर हा केला, तळहात आडवा फिरवला, शेवटी जरा वर वळवला, आणि पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं. "आई."

ती ओले हात घेऊन गेली. उभं राहून तिला काही दिसलं नाही. आवार, टाक्या, पलीकडची इमारत. मग ती गुडघ्यांवर बसली. ठकीच्या डोळ्यांच्या पातळीला आपले डोळे आणले, गालाला गाल लावला, आणि त्या पुसलेल्या जागेतून बघितलं.

समोर कारखान्याची मागची खिडकी होती. आत दिवा नव्हता. तिच्या टेबलाशी एप्रन घातलेली एक बाई बसली होती. मान खाली. हात काहीतरी घासत होते.

ठकीनं हात हलवला. मग दोन्ही तळहात काचेवर आपटले. तिनं तिला आवरलं नाही. तिनं स्वतःचा ओला हात उचलला आणि तीही काचेवर थापा मारायला लागली, आधी हळू, मग जोरात, काच हादरेपर्यंत.

काचेवर परत वाफ जमली. ठकीनं ती पुसली.

बाई अजून बसलेली होती. त्या बाईला ऐकू येत होतं. मान वर करायला कुणी इतकं घाबरतं, ते ऐकू आल्यावरच. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, ठकीच्या आईला कळलं.

त्या बाईनं मान वर केली नाही.